पंडिता रमाबाई आणि सदनातल्या मुली

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असावे, असा रिवाज आहे. यंदा ते काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा भगिनींनी माझ्याकडून पांडित्याची अपेक्षा करू नये. पंडिता रमाबाई विद्वान होत्या, विलायतेला व अमेरिकेला जाऊन आल्या, त्यांनी विधवांसाठी शाळा काढली, एवढे आपल्याला पुस्तकांतून ठाऊक असते. त्यांचे चरित्र वाचताना मला मात्र दुसरीच एक गोष्ट मनाला लागली. जिला आईबाप नाहीत, जिचे घर म्हणजे एखादी संस्था, अशा मुलीने मोठी झाल्यावर काय काम करायचे व कसे पोट भरायचे, हा प्रश्न बाईंनी जन्मभर उरावर वाहिला. त्याच बाजूने हे चरित्र सांगण्याचा विचार आहे.

आपल्या सातपाटीत हा प्रश्न पूर्वी कोणाला पडतच नसे. मुलगा चालू लागला की बापाच्या मागून बंदरावर जायचा. जाळे कसे सांधतात, भरती केव्हा, वारा कुठला, हे त्याला कोणी पाटी-पेन्सिल घेऊन शिकवले नाही. मुलगी आईजवळ बसून बोंबील निवडायची, वाळत घालायची, टोपली घेऊन बाजारात जायची आणि गिऱ्हाइकाशी भाव कसा करायचा ते ऐकून ऐकून शिकायची. आता काळ पालटला आहे. मुले कॉलेजात जातात, बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत कामाला लागतात, मुली नर्स होतात, शिक्षिका होतात. तरीसुद्धा एखादे काम नाही जमले तर परत यायला घर असते. मामा, काका, आत्या चार ठिकाणी शब्द टाकतात. अनाथगृहात वाढलेल्या मुलीपाशी यातले काहीच नसते. तिने आईला कमावताना पाहिलेले नसते, बापाचा धंदा तिला माहीत नसतो, आणि वयाची अठरा वर्षे पुरी झाली की तू काय करणार असे तिला विचारतात. उत्तर ती आणणार कुठून?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकात, सह्याद्रीतल्या गंगामूळ नावाच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. बायकांना संस्कृत शिकवणे त्या काळी पाप समजत, पण शास्त्रीबुवांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला शिकवले. लोक नावे ठेवू लागले तेव्हा ते रानात जाऊन राहिले. पुढे आदरातिथ्यात व कर्जात घरदार गेले आणि सारे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले ते कायमचेच. रमाबाई तेव्हा तान्ह्या होत्या, त्यांना वेताच्या टोपलीत घालून नेले. वाटेत देवळात किंवा घाटावर बसून पुराण सांगायचे, लोक धान्य-पैसा ठेवतील त्यावर गुजराण करायची, असा क्रम होता. लक्ष्मीबाई पहाटे लेकीला उठवून शिकवीत. त्यामुळे रमाबाईंना लहानपणीच हजारो श्लोक तोंडपाठ झाले.

पण १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला आणि श्लोक ऐकायला कोणी उरले नाही. जवळचे होते नव्हते ते विकून झाले. मग पाने खाऊन आणि नुसत्या पाण्यावर दिवस काढले. वडील गेले. थोड्याच महिन्यांत आई गेली. आईला न्यायला खांदेकरी मिळेनात. दोन माणसे कशीबशी आली, तिसरा भाऊ आणि चौथ्या रमाबाई. त्या उंचीने लहान, म्हणून खांद्याऐवजी डोक्यावर भार घेऊन त्या चालल्या. पुढे थोरली बहीणही गेली. राहिली ती दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा. तेव्हा रमाबाई सोळा वर्षांच्या होत्या.

त्या दिवसांविषयी त्यांनी पुढे जे लिहून ठेवले आहे, ते फार मोकळेपणाने लिहिले आहे. घरात एवढी विद्या असून कोणालाही हाताचे एक काम येत नव्हते. कुळाचा व विद्येचा अभिमान एवढा, की मजुरी करायची नाही आणि एखादा धंदा शिकायचाही नाही. भीक मागायची लाज वाटे ती वेगळीच. एवढे श्लोक पाठ असलेल्या सोळा वर्षांच्या मुलीला आपण काय केले म्हणजे दोन वेळची भाकरी मिळेल, ते सांगता येत नव्हते. आपण कोळणी बाजारात टोपली घेऊन बसतो तेव्हा कोणी कोणी नाक मुरडतात, पण ती टोपली असती तर ते कुटुंब जगले असते, असे ते पान वाचताना माझ्या मनात आले.

मग ही भावंडे चालत निघाली ती थेट उत्तरेपर्यंत. पंजाबात झेलम नदीच्या काठी कडाक्याची थंडी, अंगावर पांघरूण नाही. दोघांनी वाळूत दोन खड्डे खणले, आत बसून डोके तेवढे बाहेर ठेवून कोरडी वाळू अंगावर ओढून घेतली आणि रात्र काढली. अशी वणवण करीत १८७८ साली ती कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या पंडितांनी या तरुण मुलीचे संस्कृत ऐकले, परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. चार वर्षांपूर्वी ज्या विद्येने घासभर अन्न मिळाले नव्हते, तिचीच आता सभेत वाहवा झाली. विद्या तीच, ऐकणारी माणसे तेवढी बदलली होती.

१८८० साली भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. दोघांची जात वेगळी, प्रांत वेगळा, म्हणून नोंदणी पद्धतीने विवाह झाला. १८८१ साली मनोरमा झाली आणि १८८२ च्या आरंभी पती पटकीने गेले. चोवीस वर्षांच्या आत आई, बाप, बहीण, भाऊ आणि नवरा, सारे गेले होते. कडेवर एक मूल होते.

त्या पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर अशा सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. १८८२ सालीच त्यांनी आर्य महिला समाज काढला. त्याच वर्षी सरकारचे हंटर कमिशन शिक्षणाची चौकशी करायला आले, त्यापुढे साक्ष देताना शिक्षिका तयार करा, मुलींच्या शाळा तपासायला बायकाच नेमा आणि बायकांना डॉक्टरीचे शिक्षण द्या, असे त्यांनी सांगितले. स्वतः डॉक्टर व्हायचे हा त्यांचा बेत होता. स्त्रीधर्मनीति हे पुस्तक त्यांनी लिहिले, त्याच्या विक्रीतून प्रवासखर्च उभा केला आणि १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन त्या विलायतेला गेल्या.

आता इथे थोडे थांबते, कारण माझ्या विषयाशी याचा जवळचा संबंध आहे. एवढ्या लांब बोटीने गेल्यावर बाईंना कळून चुकले की त्यांचे कान डॉक्टरीच्या अभ्यासाला साथ देणार नाहीत. ऐकू कमी येत होते आणि ते पुढे वाढतच जायचे होते. ज्या कामासाठी मुलूख सोडला ते काम हातातून गेले. परक्या देशात, परक्या लोकांच्या आधाराने राहायचे, परत जावे तर घर नाही. सदनातल्या मुलींच्या मनाची जी अवस्था होते, तीच त्या वेळी त्यांची झाली असली पाहिजे. वाँटेज येथील जोगिणींच्या मठात त्या राहिल्या. तिथेच सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला. इकडे महाराष्ट्रात फार गहजब झाला. त्या वादात शिरण्याचे या लेखात कारण नाही. पण सदनाच्या कथेत धर्म पुढे येणारच आहे.

डॉक्टरी सुटली तेव्हा बाईंनी शिकवण्याची वाट धरली. चेल्टनहॅम येथील मुलींच्या कॉलेजात त्या स्वतः गणित व शास्त्रे शिकल्या आणि तिथेच संस्कृत शिकवू लागल्या. १८८६ साली आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या, त्या पदवीदान समारंभाला त्या अमेरिकेला गेल्या. तो दिवस ११ मार्चचा. जे आपल्याला साधले नाही ते दुसऱ्या मराठी मुलीने साधले, हे बघायला त्या एवढा समुद्र ओलांडून गेल्या, याचे मला मोठे कौतुक वाटते.

समारंभासाठी गेलेल्या बाई अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. लहान मुलांना खेळातून शिकवण्याची फ्रोबेल साहेबांची बालोद्यान पद्धत त्यांनी शिकून घेतली. (पुढे १९४५ साली आपल्या बोर्डीला आणि मग कोसबाडला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी गरिबांच्या अंगणात बालवाडी नेली, त्या पुष्कळ आधी रमाबाईंनी ही विद्या मराठी बायकांच्या हाती देण्याची खटपट केली होती.) त्यांनी अमेरिकेत शाळा पाहिल्या, दवाखाने पाहिले, आणि बायका काय काय कामे करतात ते बारकाईने टिपले. १८८९ साली त्यांनी त्या देशाविषयी मराठीत एक मोठे प्रवासवर्णन छापले, त्यात तिथल्या बायकांच्या शिक्षणाची व नोकरी-धंद्याची माहिती आहे. ज्या बाईने दोन-तीनच कामे पाहिली आहेत तिला त्या दोन-तीनांतूनच निवडावे लागते. रमाबाईंनी आधी डोळे भरून पुष्कळ कामे पाहून घेतली, मग मुलींचे घर काढले.

१८८७ साली त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. बायकांना तीन गोष्टी हव्यात, स्वावलंबन, शिक्षण आणि आपल्याच देशातल्या शिक्षिका, असे त्यात मांडले आहे. स्वावलंबन पहिले घातले आहे, हे ध्यानात घ्यावे. त्या पुस्तकामुळे व गावोगावच्या व्याख्यानांमुळे अमेरिकेत बोस्टन येथे त्यांच्या नावाची एक मंडळी स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे खर्च चालवण्याचे वचन दिले. तेवढ्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले.

सदन उघडले तेव्हा मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पहिली विधवा विद्यार्थिनी आली ती कोकणातली गोदूबाई जोशी. लग्नानंतर काही महिन्यांतच, आठव्या वर्षी, तिचे कुंकू पुसले होते. सदनात आली तेव्हा ती चांगली विशी ओलांडलेली होती आणि तोपर्यंतचे सारे आयुष्य दुसऱ्यांच्या घरची कामे उपसण्यात गेले होते. पुढे ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला व ती आनंदीबाई कर्वे झाली. पदवीदान, सदन आणि हे लग्न, तिन्ही ११ मार्चला, हा योगायोग मला पंचांग पाहायची सवय असल्यामुळे दिसला. कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढे हिंगण्याला नेला, तेव्हा घरात आनंदीबाईंच्या रूपाने सदनाचा अनुभव हजर होताच.

सदनात मुली लिहिणे-वाचणे, इंग्रजी, शिवण, घरकाम, आरोग्याचे नियम व मुलांना शिकवण्याची पद्धत शिकत. विधवेने कोपऱ्यात बसावे, डोके भादरावे आणि घरच्यांची बोलणी खावी, हीच तिच्यासाठी जगाने ठरवलेली नोकरी होती. तिला एकाएकी तू काय होणार असे विचारले तर ती गोंधळणारच. ज्या जन्मात स्वतःच्या आवडीचे पातळ घ्यायला मिळाले नाही, त्या जन्मात कामाची आवड कशी कळावी! बाईंनी घाई केली नाही. मुली वर्षानुवर्षे राहिल्या. त्यांतल्या कोणी शिक्षिका झाल्या, कोणी रोग्यांची शुश्रूषा शिकल्या, कोणी संस्थांत मेट्रन म्हणून लागल्या, काहींनी संसार थाटले.

१८९० च्या अखेरीस सदन पुण्याला गेले आणि १८९३ साली मोठे वादळ उठले. सदनात कोणाच्याही धर्मात ढवळाढवळ होणार नाही, असे बाईंचे वचन होते. मुलींना आपापले आचार पाळायची मुभा होती. परंतु बाई स्वतः आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली तिथे जाऊन बसू लागल्या. केसरीने टीकेची झोड उठवली. रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी सुमारे २५ मुली काढून नेल्या.

या प्रकरणी आजपर्यंत पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. कोणी बाईंना दोष देतात, कोणी पुण्याच्या लोकांना. मला वाटते ते स्पष्ट लिहिते. जिचे अन्न खातो, जिच्या छपराखाली निजतो, जिने आपल्याला मायेने जवळ घेतले, तिच्या मनासारखे व्हावे असे अनाथ मुलीला वाटणारच. बाईंनी जबरदस्ती केली असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण त्या वयात उपकाराचे ओझे आणि आपली इच्छा यांतले अंतर मुलीला कळत नाही. कामाच्या बाबतीत कळत नाही तसे देवाच्या बाबतीतही कळत नाही. दार उघडे ठेवणाऱ्या मोठ्या माणसाने हे ओळखायला हवे होते. आणि ज्या पालकांनी मुली ओढून नेल्या त्यांनी तरी कोणत्या मुलीला विचारले? ज्या घरांनी त्यांना ओझे म्हणून पाठवले होते, त्याच घरांत त्या पुन्हा गेल्या, आणि शिकणे तिथेच तुटले. त्या २५ जणींनी पुढे काय केले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

१८९६ साली मध्यप्रांतात मोठा दुष्काळ पडला. आपल्या सोळाव्या वर्षाची आठवण बाईंना स्वस्थ बसू देईना. त्या स्वतः त्या मुलखात गेल्या आणि अन्नाविना मरणाऱ्या, वाईट माणसांच्या हाती सापडू पाहणाऱ्या मुली गोळा करून आणू लागल्या. तीनशेच्या आसपास मुली आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगाची धामधूम, शहरात एवढ्या मुली ठेवता येईनात. दौंडच्या अलीकडे केडगाव स्टेशनजवळ बाईंनी शंभर एकर माळरान घेऊन ठेवले होते, तिथे त्यांना नेले. आधी झोपड्या आणि तंबू होते. मग विहिरी खणल्या, इमारती उठल्या. तेच मुक्ती सदन. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा आणखी मुली आल्या आणि एकूण संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एका गावाएवढी माणसे झाली.

शारदा सदनातल्या मुली बहुतेक ब्राह्मणांच्या विधवा होत्या, त्यांना अक्षराची ओढ होती. या मुली शेतकऱ्यांच्या व मजुरांच्या. हाडाचे सापळे झालेल्या, आजारी, भ्यालेल्या. ताटातले लपवून ठेवणाऱ्या, उद्या मिळेल यावर विश्वास नसलेल्या. कित्येक येऊन थोड्याच दिवसांत मेल्या. अशा मुलीसमोर मोठेपणी काय व्हायचे हा प्रश्न ठेवणे म्हणजे बुडणाऱ्याला बंदराचे नाव विचारण्यासारखे. बाईंनी आधी खाऊ घातले, औषध दिले आणि प्रत्येक गटावर एक मोठी बाई आईसारखी नेमली. या मोठ्या बाया कोण? पुष्कळशा शारदा सदनातून शिकून तयार झालेल्याच. माझ्या मते सगळ्या व्यवस्थेत ही गोष्ट सर्वांत शहाणपणाची होती. कालपर्यंत आपल्यासारखीच टाकलेली असणारी बाई आज शिकवते आहे, हिशेब ठेवते आहे, आजाऱ्याची नाडी बघते आहे, हे त्या पोरीला रोज डोळ्यांसमोर दिसत होते. आपल्या मुलींना आई दिसते, तशी तिला ही दिसली.

मग हातांना काम. मुक्तीत शेती होती, भाजीचे मळे होते, गोठा व दूध होते. तेलाचा घाणा होता. मागांवर कापड विणले जाई, शिवण व भरतकाम चाले, कपडे धुण्याचा मोठा कारखानाच होता, पाव भाजला जाई. पुस्तके बांधण्याचे काम होते आणि छापखाना होता. दवाखान्यात शुश्रूषा करायला मुली लागत, बालवर्गात शिकवायला लागत. दोन हजार तोंडे पोसायची तर ही कामे करावीच लागणार, हे खरेच. पण याचा आणखी एक उपयोग झाला. एका कुंपणाच्या आत पंधरा-वीस धंदे चाललेले मुलीला दिसत. जिची बोटे बारीक कामाला चालत नसत ती गोठ्यात रमे, जिला उन्हात सोसत नसे ती खिळे जुळवायला बसे. आपल्या घरातल्या सुनांचेच बघा ना, एकीला निवडणे-टिपणे जमते, दुसरीला बाजार जमतो, आणि हे घरात आल्यावर कामाला लागल्याशिवाय कळत नाही. आधी कोणी सांगू शकत नाही, तिला स्वतःलाही सांगता येत नाही.

आंधळ्या मुली आल्या त्यांनाही नुसते बसवून ठेवले नाही. मनोरमाबाई अमेरिकेत शिकत होत्या, त्यांनी तिथून बोटांनी वाचायची ब्रेल लिपी शिकून आणली आणि अंध मुलींना वाचायला व टोपल्या विणण्यासारखी हातकामे करायला शिकवले. समाजाने वाईट म्हणून झिडकारलेल्या बायकांसाठी कृपा सदन नावाचा वेगळा विभाग होता. मनोरमाबाईंनी आयुष्य आईच्याच कामात घातले, शारदा सदनाची शाळा सांभाळली. स्वतःच्या मुलीपुढे बाईंनी दुसरी वाट ठेवली होती का, असाही प्रश्न मनात येतो. मनोरमाबाई मनापासून राबल्या एवढे मात्र नक्की.

मुक्तीत सारे आलबेल होते असे समजू नये. तिथे ख्रिस्ती धर्माचेच वातावरण होते, आता शारदा सदनासारखे तटस्थतेचे वचनही राहिले नव्हते. बाहेरच्या जगात जाताना मुलीला जात नव्हती, गाव नव्हते, त्यामुळे बाहेरची दारे थोडीच उघडी होती: मिशनच्या शाळा, मिशनचे दवाखाने, किंवा लग्न. कित्येक जणी कुठेच गेल्या नाहीत, मुक्तीतच म्हाताऱ्या झाल्या. काहींना ते सुखाचे वाटले असेल, काहींना दुसरा इलाज नसेल. पण अमुक वयाची झालीस, आता बाहेर हो, असे कोणी तिचे गाठोडे दाराबाहेर ठेवले नाही.

आता कायदा वेगळा आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे बालगृहातल्या मुलाला अठराव्या वर्षी बाहेर पडावे लागते. पुढे एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणगृहाची, म्हणजे राहण्याच्या, शिकण्याच्या व कामाला लागण्याच्या मदतीची, सोय कायद्यात आहे. महाराष्ट्र सरकारने २०१८ साली अनाथांसाठी शिक्षणात व सरकारी नोकरीत एक टक्का जागा राखून ठेवण्याचा निर्णय केला, हेही चांगले झाले. आपल्या घरी अठरा वर्षांच्या मुलाला आपण अजून पोरच समजतो, त्याचा डबा भरून देतो. कायद्यात मदत असली तरी फॉर्म कोठे मिळतो, नर्सिंगला जायचे तर बारावीला कोणते विषय लागतात, आय.टी.आय.त कोणकोणते कोर्स असतात, हे शेजारी बसून सांगणारे माणूस लागते. आपल्या मंडळातल्या ज्या भगिनींच्या मुली नर्स, शिक्षिका किंवा पोलीस झाल्या आहेत, त्यांनी वर्षातून एक-दोन वेळा जवळच्या एखाद्या बालगृहात जाऊन आपल्या कामाविषयी तिथल्या मुलींशी बोलावे, असे मी या निमित्ताने सुचवते. कार्यकारिणीने याचा विचार करावा.

रमाबाईंचे शेवटचे मोठे काम बायबलाच्या मराठी भाषांतराचे. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि खेड्यातल्या बाईलाही समजेल अशा सोप्या मराठीत पुस्तक आणण्यासाठी वर्षानुवर्षे खपल्या. ऐकू येणे आता फारच कमी झाले होते. पुस्तकाचे खिळे जुळवले ते मुक्तीच्या छापखान्यातल्या बायकांनी. दुष्काळात आणली तेव्हा जिला अक्षर ओळखता येत नव्हते, अशी मुलगी जुळारी झाली, यंत्रावर कागद चढवू लागली. बाईंनी आयुष्यात डॉक्टर व्हायचे ठरवले होते. या छापखान्याचा बेत त्यांनी विशीत कधी स्वप्नातही केला नसेल.

सरकारने १९१९ साली त्यांना कैसर-ई-हिंद पदक दिले. १९२१ साली मनोरमाबाई वारल्या, चाळीस वर्षांच्या होत्या. एवढ्या दुःखानंतरही बाईंनी मुद्रिते तपासणे सोडले नाही. ती संपवली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच त्यांनी देह ठेवला. भारत सरकारने १९८९ साली त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. केडगावची संस्था आजही चालू आहे. बाई गेल्या तेव्हा पुस्तकाची छपाई पुरी व्हायची होती. छापखान्यातल्या बायका खिळे जुळवीत राहिल्या, आणि १९२४ साली सबंध पुस्तक छापून बाहेर पडले.